शेवटच्या पानानंतरचा निवाडा

मे 2003 मध्ये लास वेगास येथील बिनियन्स हॉर्सशू या जुन्या कसिनोत ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’चा मुख्य सामना अखेरच्या दोन खेळाडूंवर येऊन ठेपला असता, आणि टेबलावरचे पाचवे व शेवटचे सामाईक पान उलटून झाले असता, टेनेसी राज्यातून आलेल्या ख्रिस मनीमेकर नावाच्या 27 वर्षांच्या हिशेबनिसाने आपल्यापुढची सारी रास पणाला लावली, आणि समोर बसलेल्या, बैरुतमध्ये जन्मलेल्या, न पेटवलेली सिगारेट ओठांत धरून खेळण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या सॅम फरहा या मुरलेल्या व्यावसायिकापुढे दोनच मार्ग उरले. आपल्याजवळची सारी रक्कम घालून समोरच्याची पाने उघडी करावयास लावायची, म्हणजे कॉल करायचा, किंवा हातातली पाने मिटून मध्यावर साचलेल्या रकमेवर पाणी सोडायचे. फरहाने विचारास वेळ घेतला, समोरच्याचा फ्लश हुकला असावा हा संशय तोंडाने बोलूनही दाखवला, आणि पाने टाकून दिली. मनीमेकरच्या हातात काहीही नव्हते.

या प्रसंगाला आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. दूरचित्रवाणीवरील निवेदकाने त्याला शतकातला ब्लफ, म्हणजे पोकळ हाताने दिलेली हुलकावणी, म्हणून गौरवले, आणि तेव्हापासून मनीमेकरच्या धाडसाच्या वर्णनामागोमाग फरहाच्या चुकीचे वर्णनही जणू ठरल्याप्रमाणे येत राहिले. सत्य ओठांवर आले असताना त्याने माघार घेतली, हा त्याच्यावरील आरोप. त्या आरोपाची फेरतपासणी व्हावी, आणि फरहाला त्यातून निर्दोष सोडावे, असे मला मनापासून वाटते. कारण ज्या रीतीने त्याचा निवाडा झाला त्याच रीतीने आपण आपल्या शेजाऱ्यांचे, सहकाऱ्यांचे आणि पुष्कळदा स्वतःचेही निवाडे करीत असतो.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द आवश्यक आहेत. आपल्याकडच्या तीन पत्तीत सारीच पाने झाकलेली असतात. पोकरच्या टेक्सस होल्डेम या प्रकारात प्रत्येकाजवळ झाकलेली पाने दोनच, आणि टेबलावर सर्वांच्या सामाईक मालकीची पाच उघडी पाने. पहिली तीन एकदम येतात, त्यांना फ्लॉप म्हणतात. चौथे ते टर्न, पाचवे ते रिव्हर. आणि दर टप्प्याला पैज लावता, वाढवता वा सोडता येते. त्या डावात फ्लॉपला इस्पिक नव्वी, चौकट दुर्री व इस्पिक छक्की आली, टर्नला इस्पिक अठ्ठी, रिव्हरला बदाम तिर्री. फरहाजवळ इस्पिकची राणी आणि बदाम नव्वी होती, म्हणजे टेबलावरच्या सर्वांत मोठ्या पानाशी जुळणारी जोडी. मनीमेकरजवळ इस्पिकचा राजा आणि बदाम सत्ती होती: एक इस्पिक आणखी आले असते तर हातातली व टेबलावरची मिळून पाच इस्पिके, म्हणजे फ्लश, दश्शी वा पंजी आली असती तर ओळीने पाच पाने, म्हणजे सिक्वेन्स; रिव्हरच्या तिर्रीने दोन्ही आशा संपल्या. टर्नला फरहाने 3 लाखांची पैज लावली होती, मनीमेकरने ती 8 लाखांवर नेली होती, फरहाने ती स्वीकारली होती. रिव्हरला फरहाने स्वतः पैज लावली नाही आणि मनीमेकरने सर्वस्व पुढे सारले.

वरील परिच्छेद वाचताना वाचकाला दोघांची चारही पाने ठाऊक झाली, आणि अन्यायाचे मूळ नेमके येथेच आहे. हेन्री ओरेन्स्टाइन या पोलंडमध्ये जन्मलेल्या, नाझी छळछावण्यांतून वाचून अमेरिकेत खेळण्यांचा निर्माता म्हणून नावारूपास आलेल्या गृहस्थांनी झाकलेली पाने प्रेक्षकांना दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचे पेटंट 1995 मध्ये मिळवले. 2003 मध्ये ईएसपीएन वाहिनीने या स्पर्धेच्या चित्रणात तसे कॅमेरे वापरले, आणि तोवर बघ्याला नीरस वाटणारा हा खेळ लक्षावधी घरांत पोचला. त्या वर्षी मुख्य सामन्यात 839 खेळाडू होते. तीनच वर्षांनी, 2006 मध्ये, ते 8,773 झाले. कॅमेऱ्याने खेळाला प्रेक्षक दिले हे खरे, परंतु त्या प्रेक्षकाला त्याने एक असे आसनही दिले की ज्यावर जगातला कोणताही निर्णयकर्ता कधी बसू शकत नाही. दोन्ही हात दिसत असताना ‘कॉल करायला हवा होता’ असे म्हणणे म्हणजे मुद्देमाल समोर मांडून, आरोपीचा कबुलीजबाब वाचून झाल्यावर, तपासी अंमलदाराला ‘पहिल्याच दिवशी का ओळखले नाही?’ असे विचारणे होय.

मग फरहाने काय पाहून ठरवावयाचे होते? प्रथम किंमत. पॉटमध्ये, म्हणजे मध्यावर साचलेल्या रकमेत, 100 रुपये असता प्रतिपक्षाने 100 लावले, तर आपण 100 घालून 200 जिंकू पाहतो. तिनांतून एकदा आपले अनुमान खरे ठरले तरी हिशेब बरोबरीत सुटतो. त्याने 50 च लावले असते तर चारांतून एकदा खरे ठरणे पुरले असते. 200 लावले असते तर पाचांतून दोनदा खरे ठरावे लागले असते. नवशिक्या खेळाडूच्या ध्यानात सहसा न येणारी गोष्ट अशी की पैज कितीही प्रचंड झाली तरी हे प्रमाण निम्म्यापर्यंत कधी पोचत नाही, म्हणजे मोठ्या पैजेला कॉल करण्यासाठी खात्री लागते ही समजूतच मुळात चुकीची आहे; लागते ते केवळ एक विशिष्ट प्रमाण, आणि ते प्रमाण पैज लावणाऱ्याने स्वतःच, रकमेच्या रूपाने, आपल्यापुढे लिहून ठेवलेले असते. मनीमेकरची पैज पॉटच्या सुमारे दीडपट भरत होती. म्हणजे फरहाला शंभरांत 37-38 वेळा बरोबर ठरावयाचे होते.

यानंतरचा प्रश्न त्याहून सूक्ष्म. नव्वीची जोडी चांगली की वाईट, हा विचार रिव्हरला निरर्थक होतो. समोरचा मनुष्य आपले सर्वस्व घालतो आहे. त्याच्याजवळ जे असेल ते नव्वीच्या जोडीला हरवणारे तरी असेल किंवा पूर्ण पोकळ तरी असेल, मधले काही असण्याचा संभव अत्यल्प. अशा वेळी नव्वीची जोडी आणि छक्कीची जोडी यांत व्यवहारतः फरक उरत नाही. दोन्ही फक्त ब्लफला हरवतात. ‘एवढी चांगली जोडी कशी टाकायची?’ ही हळहळ म्हणूनच मार्ग चुकवणारी आहे. विचार करावयाचा तो आपल्या पानांच्या मोठेपणाचा नसून, आपल्या हाती असल्यामुळे कोणती पाने दुसऱ्याच्या हाती असू शकत नाहीत याचा.

येथे फरहाजवळच्या इस्पिकच्या राणीचा जबाब घेतला पाहिजे. तेरा इस्पिकांपैकी तीन टेबलावर होती, उरली दहा. त्या दहांतून कोणतीही दोन मनीमेकरच्या हाती येण्याचे प्रकार 45 होतात. राणी फरहाजवळ असल्याने उरली नऊ, आणि प्रकार झाले 36. म्हणजे तयार फ्लशची शक्यता एक-पंचमांशाने घटली. ही साक्ष कॉलच्या बाजूची. परंतु चौथ्या पानावर पैज वाढवून, पाचवे पान हुकल्यावर सर्वस्व लावणारा मनुष्य बहुधा एका मोठ्या इस्पिकाच्या भरवशावर तेथवर आलेला असतो. एक्का, राजा आणि राणी अशी ती तीन पाने, आणि त्यांतले एक फरहाच्याच मुठीत होते. तेव्हा ज्या हातांना तो हरवू शकत होता त्यांतलेच सुमारे एक-तृतीयांश हात त्याच्या स्वतःच्या राणीने नाहीसे केले होते. जे पान टर्नला त्याला आशा देत होते तेच रिव्हरला त्याच्या विरुद्ध साक्ष देऊ लागले. ही गणना स्थूल आहे, सिक्वेन्सचे व दोन जोड्यांचे हात तिच्यात धरलेले नाहीत, आणि ते धरले तर पारडे कॉलच्या विरुद्ध आणखीच झुकते.

गणनेचे हे सामर्थ्य आपल्या परंपरेला अपरिचित नाही. द्यूतात राज्य गमावलेल्या युधिष्ठिराला वनपर्वात बृहदश्व ऋषी नळाची कथा सांगतात. तीत ऋतुपर्ण राजा विदर्भाच्या वाटेवर, बाहुकाच्या वेषातील नळाने हाकलेल्या रथात बसून जात असता, वाटेवरच्या बेहड्याच्या झाडाच्या पानांची व फळांची संख्या सांगतो, आणि नळ रथ थांबवून, झाड पाडून, प्रत्यक्ष मोजून पाहतो तेव्हा ती तंतोतंत उतरते. अश्वविद्येच्या मोबदल्यात नळाला अक्षहृदय प्राप्त होते, आणि त्याच क्षणी त्याच्या देहात इतकी वर्षे वसलेला कली बाहेर पडतो. फासे त्या काळी बेहड्याच्याच फळांचे असत, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे कथाकाराने ते झाड सहज निवडलेले नाही हे कळते. लहानपणी ही कथा मला केवळ अद्भुत वाटली होती. आता असे वाटते की द्यूताने ग्रासलेल्या मनुष्याची मुक्ती कथाकाराने शपथेत किंवा पश्चात्तापात न दाखवता मोजणीत दाखवली, यात त्याच्या अनुभवाची खोली आहे.

कली म्हणजे काय, हे ज्याने पत्त्यांचा डाव खेळला आहे त्याला वेगळे सांगावयास नको. मे महिन्याच्या सुटीत आजोळच्या ओसरीवर आम्ही मुले चिंचोक्यांवर तीन पत्ती खेळत असू, आणि माझे एक मामा, जे एरवी पै-पैचा हिशेब ठेवणारे, व्यवहारात सहसा न चुकणारे गृहस्थ होते, ते प्रत्येक डावात अखेरीस शो मागीत. हरणार हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसे, तरी ते मागीत. कारण झाकलेली पाने न पाहता डाव संपवणे त्यांना सहन होत नसे. चिंचोके गेल्याचे दुःख त्यांना नव्हते. आपण फसवले गेलो असू, आणि ते आपल्याला कधीच कळणार नाही, या कल्पनेचे होते. पुढे अनेक वर्षांनी, भागीदाराशी झालेल्या एका वादात हातची चांगली तडजोड सोडून त्यांनी कज्जा अखेरपर्यंत चालवला आणि त्यात त्यांची बरीच जमीन गेली, तेव्हा मला ती ओसरी आठवली आणि फार वाईट वाटले. उत्कंठा, दुखावलेला अभिमान आणि ‘आतापर्यंत इतके घातले, आता मागे कसे फिरायचे’ ही ओढ, हे तिघे रिव्हरच्या पैजेपुढे बसलेल्या मनुष्याच्या कानाशी एकदमच बोलू लागतात. वास्तविक पॉटमध्ये पडलेला पैसा ज्या क्षणी पडला त्याच क्षणी कोणाचाच राहिलेला नसतो. तो आपला होता ही आठवण हिशेबात कोठेही जमा धरता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, फसवले जाणे टाळता आले तर टाळू नये काय? या प्रश्नाचे उत्तर जॉन फॉन नॉयमान या गणितज्ञाने 1928 च्या निबंधापासून आरंभलेल्या आणि 1944 मध्ये ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह ग्रंथरूपाने मांडलेल्या खेळाच्या सिद्धांतात आहे. त्याने पोकरचे एक सोपे रूप घेऊन दाखवले की ब्लफ हा स्वभावाचा खोडसाळपणा नसून खेळाच्या रचनेतूनच निष्पन्न होणारी आवश्यकता आहे: जो कधीच ब्लफ करत नाही त्याच्या उत्तम पानांना कोणी कॉल देणार नाही, आणि जो सदैव करतो त्याला सारेच कॉल देतील. याची दुसरी बाजू तितकीच अटळ आहे. ज्याला कधीही फसवता येत नाही तो मनुष्य प्रत्येक पैजेला कॉल करीत असला पाहिजे, आणि फसवणूक टाळण्याची जी किंमत तो भरतो ती फसवणुकीहून मोठी असते. पॉटएवढ्या पैजेपुढे निम्मे हात टाकून द्यावेत असे हे गणित सांगते. त्या टाकलेल्या हातांत काही विजयी असणारच. जानेवारी 2017 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्रेटस’ या संगणक-प्रणालीने पिट्सबर्ग येथे चार निष्णात खेळाडूंना 1,20,000 डावांत हरवले. अशी प्रणालीसुद्धा जिंकू शकणारे हात टाकल्याशिवाय खेळू शकत नाही. दर डावाला फसवणूक उघडी पाडणे हे तिचे उद्दिष्टच नसते, दीर्घ हिशेबात तोटा न होऊ देणे एवढेच असते.

कॉल करणेच योग्य असते असेही प्रसंग येतात, आणि त्यांचा मी आदर करतो. तीन वेळा हीच स्पर्धा जिंकणारा स्टू अंगर आणि 1990 चा विजेता मन्सूर मतलूबी यांच्या डावाची हकीकत जाणकार सांगतात: टेबलावर दोन तिर्र्या, सत्ती, राजा आणि राणी असता मतलूबीने रिव्हरला सर्वस्व लावले, आणि अंगरने, समोरच्याजवळ चौकी-पंजी वा पंजी-छक्की असलीच पाहिजे असे म्हणून, हातात केवळ दश्शी-नव्वी असताना कॉल केला व जिंकला. या हकीकतीत मला दश्शीवर कॉल करण्याची छाती महत्त्वाची वाटत नाही. महत्त्वाचे वाटते ते हे की पहिल्या पैजेपासून शेवटच्या पैजेपर्यंत प्रतिपक्षाने काय केले याची सारी कैफियत त्याने मनात जुळवली आणि तीत बसणारे हात नावानिशी सांगितले. संशय आणि निष्कर्ष यांतले अंतर ते हेच. फरहाजवळ संशय होता. ज्याच्यासमोर तो बसला होता तो मनीमेकर शंभर डॉलरच्या आतील शुल्काच्या ऑनलाइन पात्रता-स्पर्धेतून 10,000 डॉलरच्या या सामन्यात आला होता आणि प्रत्यक्ष टेबलावरची ही त्याची पहिलीच स्पर्धा होती. असा नवखा मनुष्य जगज्जेतेपदाच्या उंबरठ्यावर पोकळ हाताने सर्वस्व लावील, यास पूर्वानुभवाचा कोणताही दाखला नव्हता. त्याशिवाय मनीमेकरजवळ चिप्स अधिक होत्या: त्याचा ब्लफ पकडला गेला असता तरी तो सामन्यात उरला असता, फरहाचा कॉल चुकला असता तर सामना तेथेच संपला असता. पहिले बक्षीस 25 लाख डॉलरचे, दुसरे 13 लाखांचे. आणि आपण याच्याहून चांगले खेळतो असा ज्याचा रास्त विश्वास आहे त्याने 38 टक्क्यांच्या काठावरचा जुगार न खेळता पुढच्या डावाची वाट पाहणे, हे भित्रेपणाचे लक्षण मला वाटत नाही.

पैशावर खेळल्या जाणाऱ्या पत्त्यांची येथे तरफदारी करण्याचा माझा हेतू नाही. पणजीत मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या कसिनोंतून आणि अलीकडे हातातल्या मोबाइलवरून किती घरांचे संसार कर्जात बुडाले याच्या करुण हकीकती आपण वाचल्या आहेत, आणि ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांवरचे ऑनलाइन खेळ, ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, सरसकट निषिद्ध ठरवले तेव्हा मला समाधानच वाटले. मात्र पैशाला बंदी करताना विचारालाही बंदी झाल्यासारखे वागू नये. नववी-दहावीच्या मुलांना संभाव्यता शिकवताना आपण नाणी उडवतो, फासे टाकतो, आणि उत्तर अपूर्णांकात लिहून पुढच्या धड्याकडे वळतो. त्याच मुलांना चिंचोके वाटून, एकाने पैज लावावी, दुसऱ्याने कॉल करावा की न करावा ते कारणासह वहीत लिहावे, आणि शिक्षकांनी पाने उघडण्यापूर्वीच त्या कारणांना गुण द्यावेत, अशी तजवीज एखाद्या शाळेने केली तर ती मुले अपूर्णांकाहून मोठी गोष्ट शिकतील. पाने उघडण्यापूर्वी गुण द्यावेत, यावर माझा भर आहे.

कारण उघडल्यानंतर गुण देण्याची सवय आपल्या हाडीमासी खिळलेली आहे. मृगाच्या पहिल्या चांगल्या सरीवर, वेधशाळेचा अंदाज ऐकून, ओलावा मुठीत दाबून पाहून जो शेतकरी पेरतो, आणि पुढे तीन आठवडे आभाळ कोरडे राहिल्याने ज्याच्यावर दुबार पेरणीची पाळी येते, त्याला पारावर ‘घाई केली’ असे ऐकावे लागते; त्याच दिवशी, त्याच ओलाव्यावर, पलीकडच्या शिवारात पेरलेल्याला दोन सरी अधिक लाभल्या म्हणून तो जाणता ठरतो. दोघांचा निर्णय एकच होता. बियाण्याचे पैसे एकाचेच बुडाले, हे दुःख पुरेसे आहे. त्यात बुद्धीला दोष देण्याची भर आपण का घालावी, हे मला कधी समजले नाही.

फरहाने पाने टाकल्यानंतर थोड्याच वेळात सामन्याचा शेवटचा डाव झाला. फ्लॉपला गुलाम, पंजी आणि चौकी आली. फरहाजवळ गुलाम-दश्शी होती, म्हणजे या वेळीही टेबलावरच्या सर्वांत मोठ्या पानाची जोडी, आणि या वेळी त्याने माघार न घेता आपली सारी रास मध्ये लोटली. मनीमेकरजवळ पंजी आणि चौकी या दोहोंच्या जोड्या होत्या, रिव्हरला आणखी एक पंजी पडून त्याचे फुल हाऊस झाले, आणि फरहा सामना हरला. त्या डावाबद्दल त्याला दोष दिलेला मी कोठेही वाचलेला नाही.